याद्यांतून गळणारें शून्य

शेतकरी मंडळींच्या मासिकांत बियाणें, खतें, कीड, बाजारभाव यांविषयीं लेख यावयाचे. त्यांत कोष्टकें भरण्याचा विषय कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, पूर्वीं जें काम कीर्द-खतावणीवर होत असे तें आतां संगणकावर एक्सेलसारख्या कोष्टकांत होतें. सभासदांचे पत्ते, खतांची मागणी, पाणीपट्टीचा हिशेब, बँकेकडे पाठवावयाची रकमांची यादी, व्यापाऱ्याकडे जाणारें बिल, हें सर्व तेथूनच निघतें. शेतकऱ्यांचीं मुलें घरच्या घरीं अशीं कोष्टकें भरूं लागलीं आहेत. तेव्हां या कोष्टकाची एक खोड प्रत्येक जमीनधारकानें ओळखून ठेवणें हें बियाण्याची उगवण तपासून घेण्याइतकेंच आवश्यक झालें आहे. ती खोड अशी कीं, अंकांच्या अगदीं डाव्या बाजूस असलेलें शून्य हें कोष्टक कोणास न विचारतां टाकून देतें.

विश्रांतवाडीच्या यादीचा अनुभव

आळंदी रस्त्यावरील विश्रांतवाडी हा आतां पुणें महानगरपालिकेच्या हद्दींतील दाट वस्तीचा भाग आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच वाटेनें पुण्यांत येते. शेती गांवीं व बिऱ्हाड विश्रांतवाडीस, असे आमचे कित्येक सभासद आहेत. त्यांच्या पत्त्याच्या शेवटीं 'पुणें ४११ ०१५' असें लिहिण्याचा प्रघात आहे. वाचण्यास सोपें पडावें म्हणून सहा अंकांचे तीन-तीन असे दोन भाग करून मध्यें थोडी जागा सोडतात.

आमची यादी तयार करणाऱ्या तरुण मित्रानें हें पाहून कोष्टकांतही दोन रकाने केले; पहिल्यांत ४११ व दुसऱ्यांत ०१५. त्यानें ०१५ असेंच टंकलिलें होतें. परंतु तो खालच्या चौकटींत जातांच यंत्रानें वरच्या चौकटींत नुसतें १५ ठेवलें. पुढें पाकिटांवर चिकटवावयाच्या चिठ्ठ्यांसाठीं दोन्ही रकाने जोडले, तेव्हां 'पुणें ४१११५' असा पांच अंकांचा पिनकोड छापून निघाला. भारतांत पांच अंकांचा पिनकोड कोठेंच नाहीं. पत्त्यांत विश्रांतवाडी हें नांव स्पष्ट होतें म्हणून पुष्कळशीं पत्रें पोंचलीं; कांहीं उशिरानें आलीं, कांहीं आलींच नाहींत.

एवढ्यावर निभावलें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याच कोष्टकाच्या पुढच्या रकान्यांत सभासदांचे बँकेचे खाते-क्रमांक होते. एका वृद्ध सभासदाचा खाते-क्रमांक दोन शून्यांनीं सुरू होत असे. तीं दोन्ही शून्यें गळालीं, आणि बियाण्याच्या खरेदीवर त्यांस मिळावयाचा परतावा दोनदां परत आला. तोंपर्यंत मृग लागला. त्यांनीं दुकानांतून उधारीवर बियाणें उचलून पेरणी केली व मग कचेरींत येऊन एकच प्रश्न केला : 'माझ्या पासबुकावर जें छापलें आहे तें तुमच्या कागदावर कां नाहीं?' आमच्याजवळ उत्तर नव्हतें. दोष बँकेचा नव्हता, आमच्या यादीचा होता. तें उत्तर शोधतांना जें कळलें तें येथें देत आहों.

पिनकोडची घडण

प्रथम पिनकोड म्हणजे काय तें पाहूं. भारतांत ही पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. ती बसविणारे टपाल खात्यांतील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ असून संस्कृत कवि म्हणूनही प्रसिद्ध होते. एकाच नांवाचीं अनेक गांवें, निरनिराळ्या भाषांत व लिप्यांत लिहिलेले पत्ते, यांमुळें पत्रें भलतीकडे जात. त्यावर हा सहा अंकांचा उपाय निघाला.

यांतील पहिला अंक देशाचा मोठा विभाग दाखवितो. १ पासून ८ पर्यंतचे अंक प्रदेशांचे आणि ९ हा सैन्याच्या टपालाचा. आपल्याकडील ४ या विभागांत महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड हीं राज्यें येतात. पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करण्याचा जिल्हा कळतो. ४११ म्हणजे पुणें शहर. शेवटचे तीन अंक पत्र वांटणाऱ्या टपालकचेरीचे. ०१५ म्हणजे विश्रांतवाडीकडील. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर 'पुणें ३०' असें छापलेलें वाचकांनीं पाहिलें असेल. तो ३० आणि आजच्या ४११०३० मधील शेवटचा ३० एकच होय. अद्यापही कित्येक लोक बोलतांना 'पुणें पंधरा' असेंच म्हणतात. बोलण्यांत शून्य गाळलें तरी ऐकणारा मनुष्य तें मनांत भरून घेतो. यंत्र तसें करीत नाहीं.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. भारतांतील कोणताही पिनकोड शून्यानें सुरू होत नाहीं. म्हणून सहा अंक सलग एकाच चौकटींत लिहिले तर शून्य गळण्याचें भय नाहीं. ४११०१५ यांतील शून्य मध्यें आहे. मधल्या शून्यास यंत्र हात लावीत नाहीं. धोका उत्पन्न होतो तो सहा अंकांची फाळणी करून मागचा तुकडा वेगळा लिहिल्यानें. यास्तव पहिला नियम असा कीं, पिनकोड नेहमीं अखंड लिहावा. मधली मोकळी जागा फक्त पाकिटावर ठेवावी, कोष्टकांत ठेवूं नये.

यंत्र शून्य कां टाकतें?

कोष्टकाचें यंत्र मूळांत हिशेबासाठीं निर्माण झालें आहे. त्याच्या चौकटींत नुसते अंक लिहिले कीं तें त्यांस संख्या समजतें. म्हणजे मोजून आलेली रास. आणि राशीच्या दृष्टीनें ०१५ व १५ यांत कांहींच भेद नाहीं. पंधरा पोत्यांस कोणी 'शून्य पंधरा पोतीं' म्हणत नाहीं. उजवीकडचें शून्य काढलें तर १५० चे १५ होतात आणि रास बदलते. डावीकडचें काढलें तर रास तशीच राहते. म्हणून यंत्र त्यास निरुपयोगी समजून टाकून देतें. त्याच्या दृष्टीनें त्यानें चूक केलेली नाहीं. आपण त्यास नांव दिलें व त्यानें तें माप समजून घेतलें, एवढीच गोष्ट.

येथेंच या विषयाचें मर्म आहे. सर्वच अंक संख्या नसतात. कांहीं अंक मापाचे असतात, कांहीं नांवाचे. उसाचे टन, दुधाचे लिटर, जमिनीचे आर, कर्जाचे रुपये, हे मापाचे अंक होत. पिनकोड, खाते-क्रमांक, गट नंबर, दूरध्वनीचा क्रमांक, बैलाच्या कानांतील बिल्ल्याचा क्रमांक, हीं अंकांनीं लिहिलेलीं नांवें होत. दोहोंतील फरक ओळखण्याची साधी कसोटी अशी : दोन सभासदांचे ते अंक घेऊन त्यांची बेरीज करून पाहावी. दोन शेतकऱ्यांच्या ज्वारीची बेरीज केली तर कांहीं अर्थ निघतो. दोघांच्या पिनकोडांची बेरीज केली तर कसलाच अर्थ निघत नाहीं. ज्याच्या बेरजेस अर्थ नाहीं तो अंक कोष्टकांत नांवाप्रमाणें, म्हणजे अक्षरांप्रमाणें लिहावा.

शेतकऱ्यास हीं शून्यें कोठें भेटतात?

बँकेच्या खात्यांचा उल्लेख वर आलाच आहे. खाते-क्रमांकाची लांबी प्रत्येक बँकेची निराळी असते, आणि शून्यानें सुरू होणारे क्रमांक पुष्कळ आहेत. त्यामुळें गळालेलें शून्य नुसतें पाहून ओळखूं येत नाहीं. उरलेला क्रमांकही पूर्ण असल्यासारखा दिसतो. सर्वांत अधिक नुकसान याच ठिकाणीं होतें.

दुसरें ठिकाण बिलांतील मालाच्या सांकेतिक क्रमांकाचें. जगांतील बहुतेक देश आयात-निर्यातीच्या मालाची वर्गवारी १९८८ पासून अंमलांत आलेल्या एकाच पद्धतीनें करतात. तिच्यांत मूळ सहा अंक असतात. भारतांत आठ अंकांपर्यंत क्रमांक दिले आहेत. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तु व सेवा कराच्या बिलांत हेच क्रमांक 'एचएसएन' या नांवानें येतात. आपल्या शेतांतील मालाचे बरेचसे क्रमांक शून्यानेंच सुरू होतात. भाजीपाल्याचें प्रकरण ०७, फळांचें ०८, मसाल्यांचें ०९. कांदा ०७०३ खालीं येतो, केळें ०८०३ खालीं, आंबा ०८०४ खालीं, द्राक्षें ०८०६ खालीं, डाळिंब ०८१० खालीं, हळद ०९१० खालीं. आणि दूध ०४०१ खालीं. नाशिकच्या बागाईतदारानें कोष्टकांत ०८०६ लिहिलें आणि यंत्रानें ८०६ ठेवलें, तर तो द्राक्षांचा क्रमांक राहत नाहीं. शेतकरी उत्पादक कंपन्यांनीं बिलांचे तक्ते करतांना इकडे विशेष लक्ष द्यावें. राज्यांच्या कर-क्रमांकांतही हीच अडचण आहे. महाराष्ट्राचा २७ आहे, तो सुरक्षित. परंतु दिल्लीचा ०७, राजस्थानचा ०८ व उत्तरप्रदेशाचा ०९ आहे. दिल्लीच्या बाजारांत माल पाठविणाऱ्याच्या तक्त्यांत हे ७, ८, ९ होऊन बसतात.

तिसरें ठिकाण दूरध्वनीचें. पुण्याचा शहर-क्रमांक ०२०. तो वेगळ्या रकान्यांत लिहिला कीं २० उरतो.

चवथें ठिकाण परदेशांतील पत्त्यांचें. अमेरिकेंत १९६३ साली पांच अंकांचे टपाल-क्रमांक सुरू झाले आणि तेथील ईशान्येकडील कित्येक राज्यांचे क्रमांक शून्यानें सुरू होतात. न्यू जर्सी राज्याचे सर्व क्रमांक ०७ किंवा ०८ नें सुरू होतात. तेथील एडिसन गांवाचा एक क्रमांक ०८८२० असा आहे. त्या राज्यांत मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. मुलगा किंवा सून तिकडे असलेल्या घरांतून दिवाळीच्या फराळाचें पार्सल जातें. त्याची यादी कोष्टकांत केली तर ०८८२० चे ८८२० होतात आणि पार्सल घेणारा कारकून चार अंक पाहून अडवून ठेवतो. आमच्याकडे ही अडचण पिनकोडच्या अर्ध्या तुकड्यापुरती आहे. त्यांच्याकडे ती पूर्ण क्रमांकाचीच आहे.

याच जातीचे आणखी दोन दोष

शून्य गळण्याबरोबर आणखी दोन दोष सांगितले पाहिजेत, कारण त्यांचें मूळ एकच आहे.

पहिला गट नंबराचा. गटाचा हिस्सा आपण १२/१ किंवा ५/२ असा लिहितों. यंत्रास ती तारीख वाटते. ५/२ लिहिलें कीं ५ फेब्रुवारी होते. ज्या यंत्रांत महिना आधीं लिहिण्याची अमेरिकन पद्धति ठेवलेली असते तेथें २ मे होते. खुद्द 'सात-बारा' हे शब्द अंकांत लिहिले तर ७ डिसेंबर दिसूं लागतो. नंतर त्या चौकटीचा प्रकार बदलून पाहिलें तरी गट नंबर परत येत नाहीं; तेथें चाळीस हजारांच्या वरची एक अनोळखी संख्या दिसते. ती म्हणजे १९०० सालापासून मोजलेले दिवस. पीकविम्याच्या किंवा कर्जाच्या यादींत असा प्रकार झाला तर कोणत्या हिश्श्याचें पीक, हेंच कळेनासें होतें.

दुसरा लांब क्रमांकांचा. बारा किंवा त्याहून अधिक अंक लिहिले कीं यंत्र ते आंखडून, दशांशचिन्ह व एक रोमन अक्षर घालून दाखवितें. आधार क्रमांक व जनावरांच्या कानांतील बिल्ल्याचा क्रमांक हे बारा अंकांचे असल्यानें दोहोंसही हा अनुभव येतो. त्यांतले अंक आंत शाबूत असतात, म्हणून तेवढ्यावर भिण्याचें कारण नाहीं. परंतु एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक खरे ठेवतें; सोळावा अंक व त्यापुढील सर्व अंक त्याच्या हातीं शून्य होतात. सोळा अंकांचा खाते-क्रमांक लिहिला तर शेवटचा अंक बदलून जातो. म्हणजे हें यंत्र डावीकडचें खरें शून्य काढतें आणि उजवीकडे खोटें शून्य घालतें. हा दोष अधिक घातक, कारण अंकांची गणती बरोबर भरते आणि क्रमांक मात्र दुसऱ्याचा होतो.

उपाय

उपाय सोपा आहे. फक्त तो लिहिण्याच्या आधीं करावयाचा असतो. वाफसा येण्यापूर्वीं औत घालून मग ढेकळें फोडीत बसण्यासारखें येथें करूं नये.

१. रकाना रिकामा असतांनाच त्याच्या माथ्यावरील अक्षरावर क्लिक करून तो पूर्ण निवडावा. 'होम' पट्टीवर जेथें 'जनरल' असें लिहिलेलें दिसतें तेथें तें बदलून 'टेक्स्ट' करावें. यानंतर त्या रकान्यांत जें लिहाल तें जसेंच्या तसें राहतें. शून्य गळत नाहीं, हिस्सा तारीख होत नाहीं, सोळावा अंकही बदलत नाहीं. गूगलच्या शीटमध्यें यालाच 'प्लेन टेक्स्ट' म्हणतात.

२. एखाद-दुसरीच चौकट असेल तर अंकांच्या आधीं एकेरी अवतरणचिन्ह टंकावें. तें छापून येत नाहीं. 'हें नांव आहे, माप नव्हे' एवढी खूण यंत्रास पटते.

३. असें केल्यावर चौकटीच्या कोपऱ्यांत लहानसा हिरवा त्रिकोण दिसतो व यंत्र विचारतें कीं, यास संख्या करूं काय? नवशिके येथेंच फसतात व होकार देतात. तो देऊं नये.

४. शून्यें आधींच गळालीं असतील आणि क्रमांकाची लांबी ठरलेली असेल, तर तीं परत आणतां येतात. 'फॉरमॅट सेल्स' मध्यें 'कस्टम' निवडून हवे तितकीं शून्यें लिहावीं; टपालाच्या मागच्या तुकड्यास तीन, अमेरिकेच्या क्रमांकास पांच. परंतु हा केवळ वरचा पोशाख आहे. आंत पंधराच राहतात, आणि पत्रें छापतांना ते पुन्हां उघडे पडूं शकतात. खरोखर अक्षरें करावयाचीं तर 'टेक्स्ट' याच नांवाचें सूत्र नव्या रकान्यांत वापरावें.

५. क्रमांकाची लांबी ठरलेली नसेल, जसे निरनिराळ्या बँकांचे खाते-क्रमांक, तर तर्कानें शून्यें लावूं नयेत. पासबुक मागवावें व त्यावरून फिरून लिहावें. याहून दुसरा मार्ग नाहीं. तारीख झालेले गट नंबर व पंधरा अंकांपुढें बिघडलेले क्रमांक यांसही हाच नियम.

६. बँकेकडून किंवा सरकारी संकेतस्थळावरून आलेली सीएसव्ही फाईल दोनदां क्लिक करून उघडूं नये. फाईलमध्यें शून्यें असतात. उघडतांना एक्सेल तीं टाकतें. आणि मग आपण ती जतन केली कीं तीं कायमचीं जातात. त्याऐवजीं कोरें कोष्टक उघडून 'डेटा' पट्टीवरून ती फाईल आंत घ्यावी व त्या वेळीं त्या-त्या रकान्यास 'टेक्स्ट' हा प्रकार द्यावा. लिबरऑफिस ही फाईल उघडतांना आपण होऊनच रकान्यांचे प्रकार विचारतें. एक्सेलच्या वर्गणीवरील नव्या आवृत्तींत २०२३ पासून डावीकडचीं शून्यें न काढण्याची सोय दिली आहे. ती 'ऑप्शन्स' मध्यें 'डेटा' या सदरांत मिळते. तथापि आपली फाईल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडणार असते, हें विसरूं नये.

पाठविण्यापूर्वीं तपासणी

यादी बाहेर पाठविण्याआधीं एक जास्तीचा रकाना करून त्यांत 'लेन' हें सूत्र घालावें. तें प्रत्येक चौकटींतील अक्षरें मोजून देतें. पिनकोडसमोर सहा, मोबाईलसमोर दहा, आधारसमोर बारा दिसलेच पाहिजेत. बँकेच्या शाखेचा आयएफएससी क्रमांक अकरा अक्षरांचा असतो व त्यांतील पांचवें अक्षर नेहमीं शून्य असतें. त्या जागीं कित्येक जण रोमन 'ओ' लिहितात, तेंही पाहून घ्यावें. जेथें गणती जुळत नाहीं ती ओळ बाजूस काढून मूळ कागदाशीं ताडावी. एकानें पासबुक वाचावें व दुसऱ्यानें कोष्टक पाहावें, ही जुन्या कारकुनांची रीत आजही तितकीच उपयोगी आहे. वाचणाऱ्यानें शून्यही मोठ्यानें म्हणावें.

सभासद-क्रमांक नव्यानें देणाऱ्या संस्थांस एक सूचना करावीशी वाटते. ००४७ असे क्रमांक देऊंच नयेत. एकतर १००१ पासून आरंभ करावा, किंवा आधीं एखादें अक्षर घालावें. पिनकोडचा पहिला अंक शून्य नसल्यामुळें आपल्या देशांतील कोट्यवधि पत्ते या दोषापासून आपोआप वांचले आहेत. तोच लाभ लहान संस्थेसही घेतां येईल.

आमच्या त्या वृद्ध सभासदांची रक्कम तिसऱ्या खेपेस त्यांच्या खात्यांत जमा झाली. परंतु उधारीचें व्याज त्यांस भरावें लागलें तें लागलेंच. तेव्हांपासून आमच्या कचेरींत यादी पाठविण्यापूर्वीं सभासदास त्याची ओळ वाचून दाखवितों. वाचकांनींही जेथें जेथें आपलें नांव यादींत जातें तेथें ती ओळ एकदां मागून पाहावी, आणि पासबुकावर जें छापलें आहे तें, डावीकडच्या शून्यासकट, तेथें आहे कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी.